धावताना टाच आधी टेकणे हा दोष आहे का? पावलांचे तंत्र, बूट आणि व्यायाम

पहाटवारा

मी पुण्यात गेली काही वर्षे नियमितपणे धावतो आणि यंदा साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतो आहे. अंतर वाढवू लागल्यापासून दहा-बारा किलोमीटरनंतर उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती ठणका लागतो आणि उतारावर तो वाढतो. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून हाडांत व कुर्चेत दोष नसल्याचे सांगितले आणि धावण्याच्या पद्धतीकडे लक्ष द्यायला सुचवले. माझी अडचण इथूनच सुरू होते, कारण पद्धतीविषयी प्रत्येकाचे म्हणणे वेगळे आहे.

आमच्या गटातील अनुभवी मंडळींच्या मते मी टाच आधी टेकवतो हेच दुखण्याचे मूळ आहे आणि चवड्यावर उतरायला शिकल्याशिवाय गुडघा बरा होणार नाही. त्यांच्या सांगण्यावरून चवड्यावर धावून पाहिले, तेव्हा गुडघा शांत राहिला. परंतु दुसऱ्या दिवशी पोटऱ्या इतक्या भरून आल्या की जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागला. बुटांच्या एका दुकानात मला ट्रेडमिलवर जेमतेम अर्धा मिनिट धावायला लावले, तुमची पावले आत कलतात असे सांगितले आणि आधाराचे महाग बूट व वेगळे इनसोल पुढे ठेवले. माझ्या जुन्या बुटांचा तळ मात्र टाचेच्या मागच्या, बाहेरच्या कडेला झिजला आहे.

टाच आधी टेकणे हा खरोखर दोष आहे का, असल्यास तो कसा बदलावा, आणि बुटांवर खर्च करण्याआधी पावलांसाठी काय करता येईल, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

अनवाणी

टाच आधी टेकणे ही जाड तळाच्या बुटांनी लावलेली सवय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बूट काढून डांबरी रस्त्यावर थोडेसे धावून पाहा. टाच आपटत दोन-चार पावले टाकणेही नकोसे होते आणि शरीर आपोआप चवड्याच्या बाहेरच्या कडेवर उतरू लागते. हार्वर्डचे डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली 'नेचर'मध्ये हेच मोजून दाखवले होते. अनवाणी माणूस टाचेवर उतरला की जमिनीकडून येणाऱ्या बलाच्या आलेखात अगदी सुरुवातीलाच एक टोकदार शिखर दिसते आणि चवड्यावर उतरणाऱ्यांत ते जवळजवळ नाहीसे होते. अबेबे बिकिला यांनी १९६० साली रोमच्या रस्त्यांवरून अनवाणी धावत ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली, हेही विसरता कामा नये. एका पावलात २६ हाडे आहेत. त्यांना काम न देता फोमच्या थरावर ठेवले तर ती दुबळी होणारच.

गणितवेडा

अनवाणी, तुम्ही सांगितलेला अभ्यास खरा आहे, पण चित्र त्याने पूर्ण होत नाही. २०१३ साली उत्तर केनियातील दासनाच लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे लोक लहानपणापासून अनवाणी वावरतात आणि तरीही आपल्या सोयीच्या वेगाने धावताना त्यांच्यापैकी बहुतेक जण टाचेवरच उतरत होते. वेग वाढला की चवड्याकडे कल वाढत गेला. म्हणजे वेग, जमीन आणि सवय या साऱ्यांचा त्यात वाटा आहे, केवळ बुटांचा नाही.

दुसरे उदाहरण २००४ सालच्या साप्पोरो हाफ मॅरेथॉनचे आहे. तिथे १५ किलोमीटरच्या खुणेपाशी कॅमेरा लावून २८३ धावपटूंची पावले तपासली गेली, तेव्हा सुमारे ७५ टक्के धावपटू टाचेवर उतरत होते. पहिल्या पन्नासांतही हे प्रमाण ६२ टक्के होते. पुढच्या धावपटूंत पावलाच्या मधल्या भागावर उतरणारे तुलनेने अधिक होते हे मान्य, परंतु वेगवान स्पर्धकांपैकी निम्म्याहून अधिक जण जे करतात त्याला सरसकट दोष म्हणता येणार नाही.

सायंतारा

मी हा धागा वाचते आहे. टाचदुखीवर सुरू केलेल्या व्यायामाचा माझा अनुभव सविस्तर लिहायचा आहे, सवडीने लिहिते.

मृण्मयी

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत धावणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पहाटवारा, पाऊल कोणत्या भागावर टेकते यापेक्षा ते शरीराच्या किती पुढे टेकते हे तुमच्या गुडघ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. गुडघा जवळजवळ सरळ ठेवून पाऊल लांब पुढे फेकले, तर जमिनीचा धक्का मागच्या दिशेने बसतो, प्रत्येक पावलागणिक गती रोखली जाते आणि तो भार गुडघ्यावर व मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो. अशा लांब टांगेत टाच आधी टेकणे जवळपास अटळ असते, त्यामुळे सारा दोष टाचेच्या माथी मारला जातो. तेच पाऊल शरीराखाली, नडगी जवळजवळ उभी असताना टेकले, तर टाच किंचित आधी लागली तरी फारसे बिघडत नाही.

हे घरच्या घरी तपासता येते. मोबाइल गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर आडवा ठेवा, सोबत्याला स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रण करायला सांगा आणि नेहमीच्या वेगाने समोरून अनेकदा जा. नंतर चित्रण एकेक चौकट पुढे सरकवत, बूट जमिनीला पहिल्यांदा लागतो त्या चौकटीवर थांबा. घोटा गुडघ्याच्या बराच पुढे दिसत असेल, तर टांग लांब पडते आहे. दमल्यानंतरचे चित्रणही घ्या, कारण ताजेतवाने असताना सगळ्यांचीच ढब चांगली दिसते.

आता चवड्यावर उतरण्याविषयी. तसे उतरल्याने भार नाहीसा होत नाही, तो गुडघ्यावरून पोटरी आणि अकिलीस टेंडनकडे, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याकडे, सरकतो. तुमच्या भरून आलेल्या पोटऱ्या हेच सांगत होत्या. अनेक जण चवड्यावर उतरताना टाच अधांतरीच ठेवतात, त्यामुळे पोटरीला क्षणभरही उसंत मिळत नाही. चवडा आधी टेकला तरी त्यामागोमाग टाच जमिनीला लागलीच पाहिजे.

राहिला प्रश्न पाऊल आत कलण्याचा. पाऊल बहुधा टाचेच्या बाहेरच्या कडेवर उतरते, मग आत वळत कमान थोडी पसरते आणि धक्का शोषला जातो. शेवटी अंगठ्यावरून रेटा देताना ते पुन्हा ताठ होते. बुटाची बाहेरची मागची कड झिजणे हे बहुसंख्य धावणाऱ्यांत दिसते आणि आत कलण्याशी त्याचा विरोध नाही, कारण या दोन गोष्टी एकाच पावलात एकापाठोपाठ घडतात. डेन्मार्कमध्ये नऊशेहून अधिक नवख्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिले गेले, तेव्हा मध्यम प्रमाणात आत कलणाऱ्या पावलांना अधिक दुखापती झाल्याचे आढळले नाही. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यामुळे ट्रेडमिलवरच्या अर्ध्या मिनिटावर विसंबून महाग बूट घेऊ नका, एवढेच मी म्हणेन. पायाला जे सहज वाटतात आणि अंगठ्यापुढे जागा ठेवतात, ते बूट घ्या.

अनवाणी

मृण्मयीताई, टाच मागोमाग टेकावी हे मला पूर्णपणे मान्य आहे आणि लिबरमन यांच्या चित्रणातही तेच दिसते. माझा आग्रह पावलाच्या ताकदीसाठी आहे. बुटांचा ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवडा यांच्याखालील उंचीतला फरक, कित्येक बुटांत १० ते १२ मिलिमीटर असतो. दिवसभर चामडी बूट आणि पहाटे हे बूट, असे असल्यावर पोटरी कधी पूर्ण ताणलीच जात नाही. निदान घरात आणि गवतावर तरी माणसाने अनवाणी वावरावे.

मृण्मयी

घरात आणि गवतावर अनवाणी चालण्याला माझा पाठिंबाच आहे, फक्त मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी ते टाळावे. अडचण येते ती घाईमुळे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३६ धावपटूंचे एमआरआय काढले गेले. दहा आठवड्यांत पातळ तळाच्या बुटांकडे वळलेल्यांच्या पावलांच्या हाडांत ताणाची सूज इतरांपेक्षा अधिक आढळली. स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात, हाडांना आणि टेंडनना अनेक महिने लागतात. मध्यंतरीच्या काळात माणसाला आपण तयार झालो असे वाटते आणि तेव्हाच तळपायाच्या लांब हाडांना तडा जातो.

गणितवेडा

टांग आखूड कशी करायची, यावर लिहितो. 'पाऊल जवळ टाका' असे स्वतःला बजावून ते फार काळ टिकत नाही. त्यापेक्षा कॅडेन्स, म्हणजे एका मिनिटात पडणारी दोन्ही पायांची पावले, थोडी वाढवावी. वेग तोच ठेवून पावले वाढली की टांग आपोआप आखूड होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले की नेहमीच्या कॅडेन्समध्ये ५ ते १० टक्के वाढ केल्यास गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो.

आपल्याकडे १८० हा आकडा फार प्रसिद्ध आहे. प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावले मोजली, तिथून तो प्रचारात आला. ते जगातील उत्तम धावपटू स्पर्धेच्या वेगाने धावत होते, हे सांगताना नेमके गाळले जाते. सात मिनिटांत एक किलोमीटर धावणाऱ्या उंच माणसाने १८० चा हट्ट धरण्याचे कारण नाही. तुमची कॅडेन्स १६० असेल तर १६८ पर्यंत न्या, मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारे ॲप, लावा आणि प्रत्येक धावेत अधूनमधून काही मिनिटेच त्या ठोक्यावर धावा. वेग वाढवू नका, कारण पावले जलद पडली की वेग वाढवण्याचा मोह होतो आणि मूळ हेतूच हरवतो.

सायंतारा

आता माझा अनुभव लिहिते. माझी पन्नाशी उलटली आहे आणि मी ठाण्यात तलावपाळीला धावते. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत खिळा रुतावा तशी कळ यायची. प्लांटर फॅसिआयटिसचे, म्हणजे तळपायाखालच्या पट्ट्याच्या दुखण्याचे, निदान झाले. बर्फाने, सिलिकॉनच्या टाचपट्ट्यांनी आणि तळपायाखाली बाटली फिरवल्याने तात्पुरते बरे वाटे, पण लांब धावले की दुखणे परत येई.

फरक पडला तो एका व्यायामाने. जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभे राहायचे, पंच्याची घट्ट गुंडाळी करून ती पायाच्या बोटांखाली ठेवायची, म्हणजे अंगठा वर वाकलेला राहतो. मग टाच तीन सेकंद मोजत वर न्यायची, वर दोन सेकंद थांबायचे आणि पुन्हा तीन सेकंद मोजत पायरीच्या खाली उतरवायची. हे एक दिवसाआड करायचे आणि सहज जमू लागले की पाठीवरच्या पिशवीत पुस्तके घालून वजन वाढवायचे. पहिले काही आठवडे काहीच घडत नाही असे वाटते आणि तिथेच बहुतेक जण सोडून देतात. माझी सकाळची कळ काही महिन्यांत हळूहळू ओसरली. आता घरात एका पायावर उभे राहून दात घासण्याची पैज लागते आणि धाकटी मुलगी दररोज जिंकते.

मृण्मयी

सायंतारा, हा व्यायाम डेन्मार्कमधील रॅथलेफ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातला आहे आणि तुम्ही तो अगदी नीट मांडला आहे. बोटांखालच्या पंच्याचे कारण सांगते. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत प्लांटर फॅसिआ नावाचा चिवट पट्टा असतो. अंगठा वर वाकला की तो पट्टा ताणला जातो आणि कमान उचलली जाते; हिक्स यांनी १९५४ साली हे वर्णन केले. बसल्या जागी पाऊल जमिनीवर ठेवून हाताने फक्त अंगठा वर उचला, आतली कमान उंच होताना दिसेल. धावताना शेवटच्या रेट्याच्या वेळी हीच यंत्रणा पावलाला ताठपणा देते, त्यामुळे ज्यांचा अंगठा पुरेसा वाकत नाही ते पाऊल बाहेर वळवून वाट काढतात आणि नडगीची किंवा गुडघ्याची तक्रार घेऊन येतात. केर आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली अंदाज बांधला की दर पावलाला साठवून परत मिळणाऱ्या ऊर्जेत कमानीचा वाटा सुमारे १७ टक्के आणि अकिलीस टेंडनचा सुमारे ३५ टक्के असतो. एवढे काम करणाऱ्या अवयवांना आपण व्यायामातून वगळतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

पहाटवारा, तुम्ही पोटरीचा व्यायाम गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून असा दोन्ही प्रकारे करा. गुडघा वाकलेला असताना आतला सोलियस स्नायू अधिक काम करतो आणि धावण्याचा मोठा भार तोच उचलतो. त्याच्या जोडीला बोटे न मुडपता चवडा टाचेकडे ओढून कमान उचलण्याचा सराव करा. ब्राझीलमध्ये हौशी धावपटूंना पावलांचे असे व्यायाम देऊन वर्षभर पाहिले, तेव्हा व्यायाम न करणाऱ्यांत दुखापतींचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले.

माणदेशी

मी क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. सर्वांचे लिखाण आवडले, परंतु चर्चा घोट्याच्या खालीच राहिली. पाऊल कुठे पडते हे बऱ्याच अंशी वर ठरते. कंबर मागे राहिली आणि छाती पुढे झुकली की पाय पुढे फेकावाच लागतो. हात छातीसमोर आडवे फिरू लागले की धडही फिरते आणि पावले मध्यरेषा ओलांडतात.

आमच्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या, तेव्हापासून इकडच्या पोरींना आधी स्पाइकचे बूट हवे असतात. मी मात्र मातीच्या मैदानावर आधी दोरीच्या उड्या मारायला लावतो. उड्या मारताना कोणी टांग लांब टाकत नाही, पाऊल शरीराखालीच पडते, टाच हलकेच टेकते आणि जमिनीवरचा वेळ कमी होतो. त्यानंतर गुडघे उचलत जागच्या जागी धाव आणि तीच धाव हळूहळू पुढे नेणे. जमीन तव्यासारखी तापली आहे असे समजून पाय उचला, एवढी एकच सूचना मी देतो. टाच, चवडा, घोटा हे शब्द धावणाऱ्याच्या डोक्यात घोळू लागले की अंग आखडते. तांत्रिक सूचना एका वेळी एकच असावी.

कासपठार

मी साताऱ्याचाच आहे, म्हणून मार्गाविषयी लिहितो. यवतेश्वरच्या घाटातून कासच्या रस्त्याने वर जायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे, असे या स्पर्धेचे स्वरूप आहे. बाहेरून येणारे चढाचीच धास्ती घेतात आणि उतारावर पाय सोडून देतात. पावसाळी हवेत रस्ता ओला असतो, वळणांवर कडेला बारीक खडी येते आणि नेमक्या तिथेच लांब टांगा पडतात. पहाटवारांचा गुडघा उतारावर दुखतो याचे मला नवल वाटत नाही.

उतारावर मागे रेलू नका. मागे रेललात की पाय पुढे जातो, टाच आपटते आणि मांडीचे पुढचे स्नायू सतत गती रोखत राहतात. अंग उताराच्या दिशेने घोट्यापासून किंचित पुढे ठेवा, पावले आखूड आणि जलद टाका, गुडघे ताठ करू नका, तोल सावरायला हात थोडे बाहेर घ्या आणि नजर पावलांऐवजी पुढच्या काही मीटरवर असू द्या. चढावर चवडा आधी टेकतोच, ते मुद्दाम करावे लागत नाही. तिथे पोटऱ्यांची परीक्षा होते, त्यामुळे मृण्मयीताईंनी सांगितलेला व्यायाम टाळू नका.

चार्ल्सकाठ

बॉस्टनहून लिहिते. कासपठार यांच्या म्हणण्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. बॉस्टन मॅरेथॉनचा मार्ग सुरुवातीपासून शेवटापर्यंत सुमारे १४० मीटर खाली येतो आणि त्यातला मोठा उतार सुरुवातीच्या टप्प्यातच असतो. पुढे न्यूटन या गावातले चढ लागतात तेव्हा मांड्या आधीच थकलेल्या असतात, म्हणून इथले गट हिवाळ्यात चढाइतकाच उताराचाही सराव करतात. उतारावर आधी थोडेसे धावलेले असले की पुढच्या वेळी स्नायू बरेच कमी दुखतात. पहाटवारा, स्पर्धेआधी काही आठवडे सौम्य उतारावर सराव ठेवा, मात्र शेवटच्या आठवड्यात तो पूर्ण थांबवा.

मुक्तछंद

एक प्रश्न विचारतो. हल्ली बऱ्याच जणांच्या पायात जाड, मऊ फोमचे आणि आत कार्बनची पट्टी असलेले बूट दिसतात. ते घेतले तर तंत्राची एवढी चिंता करावी लागेल का?

गणितवेडा

त्या बुटांनी वेगात फायदा होतो हे प्रयोगांत दिसले आहे आणि म्हणूनच रस्त्यावरील स्पर्धांसाठी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने तळाच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घातली. परंतु ते लांब टांग आखूड करत नाहीत. उंच आणि मऊ तळावर घोटा अधिक डळमळतो, त्यामुळे घाटातल्या ओल्या वळणांवर मी तरी ते वापरणार नाही.

पहाटवारा

सर्वांचे मनापासून आभार. मृण्मयीताईंनी सांगितल्याप्रमाणे चित्रण केले. ताजा असताना घोटा गुडघ्याच्या थोडाच पुढे दिसतो, पण धावेच्या शेवटी तो स्पष्टपणे पुढे जातो आणि उजवा पाय डाव्यापेक्षा लांब पडतो. कॅडेन्स १५८ आहे. एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम डाव्या पायाने सहज होतो, उजव्या पायाने मात्र तेरा-चौदानंतर टाच पूर्ण वर जात नाही. आता चवड्यावर उतरण्याचा प्रयत्न चालू ठेवावा की सोडून द्यावा, आणि गुडघा दुखू लागल्यावर त्या दिवशी धावणे थांबवावे का, एवढेच दोन प्रश्न उरले आहेत.

मृण्मयी

चवड्यावर उतरण्याचा प्रयत्न तूर्त सोडून द्या. उजवी पोटरी दमली की घोट्याचा रेटा कमी पडतो आणि पाय पुढे फेकला जातो, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. आधी उजवी बाजू डावीच्या बरोबरीला आणा. मी साधारणपणे एका पायावर सलग २५ वेळा टाच पूर्ण उचलता येईल इथपर्यंत नेते. त्याच काळात मेट्रोनोमवर १६६ च्या आसपास धावायचा सराव ठेवा. एकूण अंतर मात्र काही आठवडे वाढवू नका, कारण तंत्र आणि अंतर दोन्ही एकदम बदलले तर कशामुळे काय झाले ते कळत नाही.

दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. धावताना ते तीनपर्यंत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीइतकेच असेल, तर धावायला हरकत नाही. त्याहून वाढले, लंगडावे लागले किंवा गुडघ्याला सूज आली, तर त्या दिवशी चालत घरी या आणि पुढची धाव निम्मी करा. तळपायाच्या किंवा नडगीच्या हाडावर बोटाने दाबून एकाच ठिकाणी नेमके दुखत असेल, तर मात्र हा नियम लागू नाही. धावणे बंद करून थेट डॉक्टरांकडे जा.

कासपठार

पहाटवारा, स्पर्धेआधी एखाद्या रविवारी घाटात सरावाला या. आमचा गट पहाटे साडेपाचला निघतो. उतारावरचे तुमचे चित्रण मी मागून आणि बाजूने, दोन्हीकडून करून देईन.

पहाटवारा

नक्की येतो. पुढच्या महिन्यात उजव्या पायाचा व्यायाम वीसच्या पुढे गेला की इथेच कळवतो आणि रविवार ठरवू.